दुकानाची छाप आणि कारखान्याचा माल

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पगार हाती आला की दिघा, ऐरोली, कळवा या बाजूची माणसे मोठ्या दुकानात किराणा भरावयास जातात. तेथे एकाच फळीवर दोन पुडे शेजारी शेजारी मांडलेले असतात. एकावर घरोघरी ठाऊक असलेल्या कंपनीची छाप असते. दुसऱ्यावर दुकानाने स्वतःच्या मालासाठी ठेवलेले नाव असते. आत बिस्किटे असोत, शेवया असोत की हळद असो, दोन्हींवरील वर्णन जवळजवळ सारखेच, आणि दुसऱ्याची किंमत मात्र कमी. मग तर्क सुरू होतात. ‘‘अहो, माल त्याच कंपनीचा, कागद तेवढा निराळा,’’ असे एकजण सांगतो. ‘‘छे, मोठ्या कंपनीने नाकारलेला गाळ असतो तो,’’ असे दुसरा म्हणतो. दोघेही छातीठोकपणे बोलतात. पण दोघांपैकी एकानेही पुडा उलटून पाहिलेला नसतो.

हा माल खरोखर कोणी केला, हा प्रश्न चांगला आहे. तो विचारणाऱ्याला चार पैसे वाचवावयाचे असतात आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. परंतु त्याचे उत्तर कानगोष्टींनी मिळत नाही. ते कसे मिळवावे, आणि मिळाल्यावर त्यावरून काय सिद्ध होते व काय होत नाही, हे येथे सांगावयाचे आहे. मी कामगार संघटनेचा माणूस आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यावरील कारखान्यांच्या दारांशी माझी बरीच वर्षे गेली. त्यामुळे पुड्याकडे मी विकत घेणाऱ्याच्या बाजूने पाहतो, तसाच तो भरणाऱ्याच्याही बाजूने पाहतो.

दुकानाची छाप आली कोठून?

दुकानाने स्वतःच्या नावाने माल विकावा ही युक्ती कालपरवाची नव्हे, आणि तिच्या इतिहासात कामगारांचा मोठा वाटा आहे. इंग्लंडमधील रॉचडेल या गावी २८ जणांनी थोडी थोडी वर्गणी साठवून २१ डिसेंबर १८४४ रोजी एक दुकान उघडले. त्यांत विणकर पुष्कळ होते. दुकानात पीठ, लोणी, साखर, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या एवढाच माल होता. त्या काळी पिठात तुरटी मिसळणे, वापरलेली चहाची पाने वाळवून पुन्हा विकणे असले प्रकार सर्रास चालत. निर्भेळ माल आणि खरे वजन हीच त्या दुकानाची प्रतिष्ठा होती. पुढे अशा सहकारी दुकानांनी मिळून १८६३ साली घाऊक खरेदीची संस्था काढली. या संस्थेने १८७३ साली मँचेस्टरजवळ क्रंपसॉल येथे स्वतःचा बिस्किटांचा कारखाना चालवावयास घेतला. दुकान सभासदांचे, कारखाना सभासदांचा आणि छापही त्यांचीच. तेव्हा माल कोणाचा हे ओळखण्याचा खेळ तेथे संभवतच नव्हता.

आपल्याकडेही ही परंपरा आहे. मुंबईत नायगावला गिरणी कामगारांच्या पुढाकाराने १९४८ साली जी ग्राहक सहकारी संस्था निघाली, तिलाच आज आपण ‘अपना बाजार’ म्हणून ओळखतो. १९७५ साली सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने कुटुंबांचे गट करून एकत्र खरेदीची रीत रुजविली. या दोन्हींमागे विचार एकच होता: खाणाऱ्याने एकत्र यावे, म्हणजे माल कोठून येतो यावर त्याची नजर राहते.

आजची साखळी-दुकाने ही निराळ्या जातीची आहेत. २००१ साली निघालेल्या बिग बझारने ‘टेस्टी ट्रीट’, ‘गोल्डन हार्वेस्ट’ ही नावे लोकांच्या तोंडी बसविली. २०२२ मध्ये त्या दुकानांचा कारभार आटोपला. डी-मार्टचे पहिले दुकान २००२ साली पवईला उघडले. त्याचा ‘प्रीमिया’ या नावाचा माल आपण पाहतो. रिलायन्सचे ‘गुड लाइफ’, बिगबास्केटचे ‘बीबी रॉयल’ ही त्याच प्रकारातली नावे. येथे दुकानाचा मालक एक, माल करणारा बहुधा दुसरा. म्हणूनच प्रश्न उत्पन्न होतो.

माल येतो कोठून?

दुकानछाप माल साधारणपणे तीन वाटांनी येतो. या वाटा निरनिराळ्या ओळखल्या तर निम्मे तर्क आपोआप गळून पडतात.

पहिली वाट निवडून भरण्याची. डाळ, तांदूळ, साखर, पोहे, रवा, सुका मेवा यांत ‘आतून अमुक कंपनीचा माल’ असे काही गुपित नसते. तूरडाळ लातूर, अकोला, जळगाव येथील डाळ मिलांतून किंवा बाहेरच्या प्रांतांतून येते. साखर साखर कारखान्यातून येते. दुकान ती घाऊक घेते, चाळते, निवडते, तोलून पिशव्यांत भरते. डी-मार्ट चालविणाऱ्या अव्हेन्यू सुपरमार्ट्स कंपनीची अलाइन रिटेल ट्रेड्स नावाची उपकंपनी आहे, आणि किराणा, मसाले, सुका मेवा भरून देणे हेच तिचे काम आहे. वाशीच्या घाऊक बाजारात धान्याची वखार पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. येथे छाप ही निवडीची व तोलाची असते.

दुसरी वाट कंत्राटी कारखान्याची. काही कारखान्यांचा धंदाच दुसऱ्याच्या नावाने माल करून देण्याचा असतो. १९८४ साली स्थापन झालेली आणि गोव्यात उसगावला कारखाना असलेली हिंदुस्तान फूड्स ही कंपनी याचे उदाहरण. नामांकित कंपन्यांना माल करून देणे हा आपला व्यवसाय आहे असे ती उघडपणे सांगते. अशा कारखान्याचे नाव सामान्य माणसाच्या कानावरून गेलेले नसते, पण त्याच्या हातचा माल कधीच्या काळी त्याच्या पोटात गेलेला असतो.

तिसरी वाट दोन्ही दगडांवर पाय ठेवणाऱ्याची: स्वतःची छापही आहे आणि दुसऱ्याचे कामही घेतो. मिसेस बेक्टर्स ही पंजाबातली कंपनी ‘क्रिमिका’ बिस्किटे स्वतःच्या नावाने विकते. २०२० साली तिने आपले शेअर लोकांपुढे विक्रीस आणले, तेव्हाच्या माहितीपत्रकात ती माँडेलीझ कंपनीसाठी ‘ओरिओ’ बिस्किटे करते हे नमूद होते. मॅकडोनल्डचे पावही ती पुरविते, आणि तिची एक बेकरी आपल्याजवळच, खोपोलीला आहे.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. नामांकित छापेचा माल तरी नेहमी त्याच कंपनीच्या भट्टीतला असतो काय? पार्ले कंपनीचा विलेपार्ल्याचा जुना कारखाना २०१६ साली बंद झाला. पण तो चालू असतानाही पार्ले-जी देशभर स्वतःच्या व कंत्राटी अशा अनेक कारखान्यांत होत असे, आणि आजही होते. पुड्यावर बॅच क्रमांकाशेजारी जे अक्षर असते ते कोणत्या कारखान्याचे, याची यादी पुड्यावरच दिलेली असते. तेव्हा ‘दुकानाचे हे बिस्किट कोणती मोठी कंपनी करते?’ हा प्रश्न पुष्कळदा उलटा घातलेला असतो. मोठी कंपनी आणि दुकान या दोघांनाही माल करून देणारा तिसराच असू शकतो.

स्वस्त का पडते?

कारखानदार दुसऱ्याच्या नावाचे काम का घेतो, हे कळावयास यंत्राचे अर्थशास्त्र पाहावे. भट्टी घेतली की कर्जाचे व्याज चालू होते. ती दोन पाळ्या चालो की तीन, व्याज तेवढेच. स्वतःच्या मालाची मागणी दोन पाळ्यांत पुरी होत असेल तर तिसरी पाळी रिकामी ठेवण्यापेक्षा दुकानाचे काम कमी नफ्यावर घेणे परवडते. दुकानालाही जाहिरात करावी लागत नाही, वितरकाची दलाली द्यावी लागत नाही, गावोगाव विक्रेते हिंडवावे लागत नाहीत. फळी घरचीच असते. किंमत कमी होण्यास एवढी कारणे पुरेशी आहेत. तेव्हा स्वस्त म्हणजे गाळ, हा समज बरोबर नाही.

परंतु स्वस्ताईचे आणखीही एक कारण असू शकते, आणि ते आपण पुढे पाहणार आहोत. मोठी कंपनी असले काम करीत असेल तर ती ते सांगत नाही, कारण आपलाच माल अर्ध्या वाटेवर स्वस्त मिळतो असे लोकांना कळले तर तिच्या छापेला कोण विचारणार? दुकानही सांगत नाही, कारण उद्या दुसऱ्या कारखान्याकडे जाण्याची मोकळीक त्याला हवी असते. दोघे गप्प, म्हणून बाजारात तर्कांचे पीक येते.

एकच भट्टी, दोन घाणे

आता मुख्य मुद्दा. समजा, दोन पुडे एकाच कारखान्यातून आले हे सिद्ध झाले. त्यावरून माल एकच ठरला काय? मुळीच नाही. कारखाना ही जागा आहे. माल ठरतो तो कृतीवरून. खानावळीत एकाच चुलीवर मालकाच्या घरचे वरण आणि गिऱ्हाइकाचे वरण शिजते, म्हणून दोन्हींत डाळ सारखीच पडते असे नाही.

पॅकिंग खात्यातले कामगार हे उत्तम सांगतात. काम बदलले की यंत्रावरचा छापील कागदाचा रोल बदलतो. कधी तेवढाच बदलतो, आणि मग आतला माल अक्षरशः एकच असतो. पण कधी रोलबरोबर घाणाही बदलतो: लोण्याऐवजी पामतेल, काजूचे तुकडे कमी, सॉसमध्ये टोमॅटोचा गर कमी आणि साखर व पिष्ट अधिक. दुकान जी किंमत ठरवून देते तीत बसेल तो घाणा करावयाचा, असा करार असतो. स्वस्ताईचे ते आणखी एक कारण हेच.

हे ओळखण्यास घटकांची यादी वाचावी. कायद्याप्रमाणे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात; जे सर्वांत अधिक ते प्रथम. शिवाय पुड्याच्या दर्शनी भागावर एखाद्या घटकाचा डांगोरा पिटला असेल तर त्याचे शेकडा प्रमाण द्यावे लागते. ‘बदाम’ हा शब्द मोठ्या अक्षरांत असेल तर मागे बदाम शेकडा किती ते पाहावे. दोन पुड्यांवरील घटक, त्यांचा क्रम, शेकडा प्रमाण आणि पोषणाचा तक्ता हे सारे तंतोतंत जुळले, आणि करणाराही एकच निघाला, तर माल एकच आहे असे म्हणावयास चांगला आधार मिळतो. एकही गोष्ट निराळी निघाली तर तो आधार डळमळतो.

उलट, लोक ज्या खुणांवर विसंबतात त्यांतल्या पुष्कळ फसव्या आहेत. बाटलीचा आकार सारखा असणे ही खूण नव्हे. बाटल्या करणारा निराळा असतो आणि तो साऱ्यांनाच बाटल्या विकतो. गावाचे नाव सारखे असणे हीही खूण नव्हे. एका औद्योगिक वसाहतीत शेकडो गाळे असतात. चव सारखी लागणे ही तर सर्वांत कच्ची खूण, कारण पुष्कळदा मसाला पुरविणारा व्यापारी तेवढा एक असतो.

एक कारखाना किती नावांनी नांदू शकतो, हे मार्च २००७ मध्ये अमेरिकेत जगजाहीर झाले. मेनू फूड्स या कॅनडातील कंपनीने कुत्र्यामांजरांच्या खाद्याचे सुमारे ६ कोटी डबे व पाकिटे बाजारातून परत मागविली. चीनमधून आलेल्या गव्हाच्या चिकात मेलामाइन हे घातक रसायन मिसळलेले होते. परत मागविलेल्या मालाची यादी प्रसिद्ध झाली तेव्हा तीत शंभराच्या आसपास छापा निघाल्या. महागड्या नामांकित छापा होत्या आणि दुकानांच्या स्वस्त छापाही होत्या. साऱ्या कृती एकच नव्हत्या. पण विषारी कच्चा माल एकाच दारातून आत आला, आणि मग नावाने कोणाचेच रक्षण केले नाही. माल कोणी केला हे खाणाऱ्याला कळले पाहिजे, ते अशा प्रसंगासाठी.

पुड्यावरचे चौदा आकडे

आपल्या देशात १९५४ चा भेसळ प्रतिबंधक कायदा जाऊन २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा आला. त्याखालील लेबलाचे नियम २०२० साली नव्याने केले गेले. त्यांप्रमाणे पुड्यावर छापेच्या मालकाचे नाव व पूर्ण पत्ता असावा लागतो. माल करणारा किंवा भरणारा निराळा असेल तर त्याचा परवाना क्रमांकही द्यावा लागतो. म्हणजे करणाऱ्याचे नाव न दिसले तरी त्याचा क्रमांक लपत नाही. आपल्या हाती असलेली किल्ली हीच.

परवाना क्रमांक चौदा आकड्यांचा असतो. पहिला आकडा १ असेल तर तो परवाना. २ असेल तर लहान धंद्याची नुसती नोंदणी. पुढचे दोन आकडे राज्याचे: महाराष्ट्राला १५ आहे, आणि ०० असेल तर परवाना केंद्राने दिलेला. त्यापुढील दोन आकडे परवाना दिल्याच्या वर्षाचे. म्हणजे क्रमांकाची सुरुवात ११५१९ अशी असेल, तर तो २०१९ साली महाराष्ट्रात दिलेला परवाना होय, एवढे पुडा हातात धरून कळते.

पुड्यावर दोन क्रमांक असतील तर कोणता कोणाचा हे पाहावे. बोधचिन्हाखालचा बहुधा छापेच्या मालकाचा असतो. करणाऱ्याचा दुसरीकडे, बारीक अक्षरांत असतो. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२० साली परवान्यांसाठी ‘फॉसकॉस’ नावाची संगणकीय व्यवस्था सुरू केली आहे. तीत हा क्रमांक घातला की परवानाधारकाचे नाव दिसते. हे काम घरातला शाळकरी मुलगाही मोबाइलवर करील. दोन पुड्यांवर करणाऱ्याचा एकच क्रमांक निघाला तर कारखाना एक, ही गोष्ट पक्की. निरनिराळे निघाले तर मात्र मालक निराळे असे लगेच समजू नये, कारण एका कंपनीच्या प्रत्येक कारखान्याला स्वतंत्र परवाना असतो. नाव पाहून मगच ठरवावे.

त्यानंतर घरची परीक्षा. दोन वाट्यांत दोन्ही माल काढावा, वाट्यांच्या बुडाला चिठ्ठ्या चिकटवाव्या आणि ज्याला काही ठाऊक नाही अशा माणसाला चव पाहावयास सांगावे. एकदा बरोबर ओळखले तर तो योगायोग असू शकतो; वाट्यांच्या जागा बदलून चार-पाच वेळा पाहावे. घरातल्या कोणालाच फरक सांगता आला नाही, तर जास्तीचे पैसे आपण छापेसाठी देत होतो हे उघड आहे. किंमत ताडताना मात्र पुड्याची न ताडता ग्रॅमची ताडावी. एक पुडा २०० ग्रॅमचा आणि दुसरा १८० ग्रॅमचा असला की स्वस्ताई कोठल्या कोठे जाते.

नाव एकाचे, हात दुसऱ्याचे

येथवर विकत घेणाऱ्याची बाजू झाली. आता भरणाऱ्याची. दुकानछाप मालाचा एक गुण दुकानाच्या दृष्टीने फार सोयीचा आहे: कारखाना बदलला तरी नाव बदलत नाही. आज हा कारखाना, पुढच्या वर्षी कमी दर देणारा दुसरा. गिऱ्हाइकाला पत्ता लागत नाही. पुडा तोच, रंग तोच, बारीक अक्षरांतले चौदा आकडे तेवढे निराळे. पण पहिल्या कारखान्यात तिसऱ्या पाळीला लागलेल्या माणसांचे काम त्या दिवशी संपलेले असते. दर कमी करून काम मिळविणारा कारखानदार तो दर कोठून भरून काढतो? यंत्राचे व्याज कमी होत नाही, विजेचे बिल कमी होत नाही. कमी करता येण्यासारख्या दोनच गोष्टी उरतात: घाण्यातला माल आणि माणसाची मजुरी.

कंत्राटी कामगारांसाठी १९७० साली कायदा झाला आणि ‘मुख्य मालक’ ही कल्पना त्याने रूढ केली. कंत्राटदाराने पगार बुडविला तर ज्याचे काम चालू आहे त्या मुख्य मालकाने तो द्यावा, हे त्यातले तत्त्व. पुढे २०२० च्या श्रमसंहितेतही ते घेण्यात आले. परंतु कंत्राटदाराच्या व्याख्येतून नुसता तयार माल पुरविणारा वगळलेला आहे. म्हणून बिस्किटे करून देणाऱ्या कारखान्यातील कामगारांच्या बाबतीत दुकान हे मुख्य मालक ठरत नाही. किंमत दुकान ठरविते, नाव दुकानाचे, पण भट्टीशी उभा असलेला माणूस त्याचा कोणीही नाही.

याच्या उलट टोकाचे उदाहरण मुंबईचेच आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटावयास सुरुवात केली, आणि त्यातून लिज्जत पापडाची संस्था उभी राहिली. तेथे पापड लाटणारी बहीणच संस्थेची सभासद असते. हात कोणाचे आणि नाव कोणाचे, हा प्रश्न त्या पापडाबाबत कोणी विचारीत नाही.

सगळेच कारखाने तसे होणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. दुकानछाप माल घेऊ नका, असेही माझे म्हणणे नाही. माझ्या घरी तो येतो आणि पुष्कळदा चांगला निघतो. माझे मागणे एवढेच आहे की करणाऱ्याचा नुसता क्रमांक न देता त्याचे पूर्ण नाव व गाव छापेच्या मालकाच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत पुड्यावर असावे. ही मागणी ग्राहकांच्या संस्था व कामगारांच्या संघटना यांनी एकत्र मांडण्यासारखी आहे, कारण दोघांचाही फायदा तीत आहे. नाव छापले गेले की चांगला माल करणाऱ्या कारखान्याला मान मिळेल आणि दुकानाला तो सहजासहजी बदलता येणार नाही. वाईट माल निघाला तर तक्रार कोठे करावी हेही कळेल.

तोपर्यंत आपल्या हाती चौदा आकडे आहेत. घरातला रिकामा झालेला एखादा पुडा टाकून देण्यापूर्वी उलटून पाहावा आणि त्यावरचा क्रमांक शोधून काढावा. दोन-तीन महिन्यांनी त्याच नावाचा नवा पुडा आणाल तेव्हा क्रमांक पुन्हा ताडावा. तो बदललेला असेल तर घटकांची यादीही एकदा वाचावी. नाव तेच राहून माल बदलला की काय, हे तेथे कळेल.